वरच्या मजल्याची हैसियत

नीलकंठ वडनेरकर पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांना कोणी काही लिहायला सांगितलं नाही. नोकरीत असताना इंजिनियर लोक महत्त्वाची पत्रं त्यांच्याकडूनच लिहून घेत. कालव्याचं पाणी भलत्याच गावाला गेलं, तरी नीलकंठरावांच्या पत्रात त्या गोष्टीला असं काही वळण मिळे की वाचणाऱ्याला वाटावं, ते गावच मुळात चुकीच्या जागी वसलेलं आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी गॅस एजन्सीला एक सविस्तर पत्र लिहिलं. एजन्सीनं फोनवर माफी मागितली आणि सिलेंडर बदलून दिला. नीलकंठरावांना ते आवडलं नाही. त्यांच्या मते पत्राचं उत्तर पत्रानंच द्यायचं असतं.

म्हणून घरपट्टीचा नवा आदेश आला तेव्हा विमलाबाई घाबरल्या, पण नीलकंठरावांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि चहा मागितला.

“अपील करता येते,” ते म्हणाले. “लेखी.”

समता कॉलनीतलं त्यांचं घर दुमजली होतं. खाली ते आणि विमलाबाई राहत. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली होती. वर त्यांची मोठी बहीण इंदू राहायची. रायपूर राजधानी झालं तसे शहरात डॉक्टर वाढले आणि कॉलनीतल्या घरमालकांनी खालचे मजले दवाखान्यांना आणि वरचे भाडेकरूंना द्यायला सुरुवात केली. वडनेरकरांच्या डाव्या हाताला दातांचा दवाखाना होता, उजव्या हाताला हाडांचा. घरांची नव्यानं पाहणी करायला आलेल्या माणसानं आधी दात केले, मग हाडं केली आणि मधल्या घराची घंटा वाजवली. नीलकंठराव बाजारात गेले होते.

“ऊपर कौन रहता है?” त्यानं विचारलं.

“ऊपर ताई रहती हैं,” विमलाबाई म्हणाल्या. “उनका सब अलग है.”

त्यात खोटं काही नव्हतं. वर जायचा जिना बाहेरून होता. वर स्वयंपाकघर होतं. विजेचं मीटर वेगळं होतं. आदेशात या तिन्ही गोष्टी ओळीनं दिल्या होत्या आणि त्यावरून वरचा मजला भाड्यानं दिलेला आहे असं मानण्यात आलं होतं. मालक स्वतः राहत असेल तर पट्टीत जी सूट मिळते, ती त्या मजल्यापुरती बंद. मान्य नसल्यास महिन्याच्या आत अपील करावं.

नीलकंठरावांनी आठवडाभर अपील लिहिलं. आदेशात ‘माना गया’ असं म्हटलं होतं. मानणं आणि आढळणं यांत फरक असतो, यावर त्यांचं एक अख्खं पान होतं. ते पान त्यांनी विमलाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. विमलाबाई वांगी चिरत होत्या. त्यांनी “छान झालं” म्हटलं आणि वांगी पाण्यात टाकली.

अपिलासोबत एक छापील फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता: वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं नाव, मालकाशी नातं, आणि ‘किस हैसियत से निवासरत’, म्हणजे कोणत्या अधिकारानं राहतात. त्याच्याखाली राहणाऱ्याची सही. नीलकंठरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: इंदू गंगाधर वडनेरकर, बहन, आश्रित. मग ते चपला घालून बाहेर गेले आणि जिना चढले.

इंदूताई मिक्सर उघडून बसल्या होत्या. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांचा जन्म गेला होता, आणि बंद पडलेली कुठलीही वस्तू आधी स्वतः उघडून पाहायची त्यांना सवय होती.

“ताई, सही पाहिजे. घरपट्टीचं अपील आहे.”

त्यांनी हात पुसले, कागद घेतला आणि वाचला.

“आश्रित म्हणजे काय रे?”

“ते सरकारी भाषेत तसं लिहितात.”

“तेच विचारून राहिली मी. सरकारी भाषेत म्हणजे काय?”

“म्हणजे, जो दुसऱ्याच्या आधारानं राहते तो.”

“मी कोणाच्या आधारानं राहून राहिली?”

“कोणाच्या नाही. लिहायची पद्धत आहे फक्त.”

“पेन्शन माझी. सिलेंडर माझा. मागच्या वर्षी तुझं हर्निया झालं तेव्हा दवाखान्यात रात्री कोण बसलं होतं?”

“तू.”

“मग आश्रित कोण?”

त्यांनी कागद परत दिला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

इंदूताईंचं लग्न अकोल्याला झालं होतं. ते दीड वर्ष टिकलं. त्या एक ट्रंक घेऊन रायपूरला परत आल्या, त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे रेल्वेत गार्ड असलेल्या गंगाधररावांनी, त्यांना काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गवंड्याला बोलावून आणून गच्चीवर उभे राहिले. इंदूला नर्सिंगला घातलं, आणि नोकरी लागल्यावर तिच्या ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या असतील, कोणाला दार उघडायला उठवायला नको, म्हणून जिना बाहेरून काढला. वरच्या दोन खोल्या, मोरी आणि ओटा असं सगळं उभं झाल्यावर त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि “हे तुझं” म्हणाले. लिहून काही दिलं नाही. ते गार्ड होते. त्यांचं बरंचसं काम हिरव्या झेंडीवर चालायचं.

ते गेल्यावर घर नीलकंठरावांच्या नावावर झालं. त्यासाठी इंदूताईंचं ना-हरकत पत्र लागलं होतं.

नीलकंठरावांनी पुढच्या दोन दिवसांत दुसरे शब्द शोधले. ‘परिवार की सदस्य’ हा सर्वांत सोपा होता, पण फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की परिवार म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. बहीण त्यात बसत नव्हती. मग त्यांनी ‘अतिथि’ लिहिलं. इंदूताई म्हणाल्या, चाळीस वर्षं राहणाऱ्या पाहुण्याला लोक दुसरं काहीतरी म्हणतात. मग ‘देखरेखकर्ता’ लिहिलं.

“मी चौकीदार आहे का?” त्यांनी विचारलं.

“मग तूच सांग काय लिहू.”

“मालक लिही. तू खालचा, मी वरची.”

नीलकंठराव खुर्चीवर बसले. जिना चढून आल्यावर ते बसत नसत, पण आज बसले.

“कागदावर तसं नाही ना, ताई.”

“बाबांनी मले दिलं होतं.”

“तोंडी दिलं होतं. अपिलात तोंडी चालत नाही. मग तू ना-हरकत दिली होती.”

“हो. तोही मसुदा तूच केला होता.” इंदूताई मिक्सरचा स्क्रू कसत होत्या. “चांगला होता. इतका चांगला होता, की वाचल्यावर मलेच वाटलं, खरंच आपलं काही नाही या घरात. केली सही.”

मिक्सर सुरू झाला. त्यांनी तो बंद केला, पुन्हा सुरू केला आणि चालू राहू दिला. नीलकंठराव खाली आले.

त्या संध्याकाळी इंदूताई खाली चहाला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. विमलाबाईंनी पातोडीची भाजी केली, वाटी झाकून वर पाठवली. वाटी धुऊन, पुसून, रिकामी खाली आली. आजवर कधी ती रिकामी आली नव्हती. लोणच्याची फोड असायची, नाहीतर दोन चिंचा तरी. विमलाबाईंनी वाटी उलटी करून पाहिली.

“अहो, लिहून टाका ना त्यांना पाहिजे ते,” त्या म्हणाल्या.

“तिले ‘मालक’ पाहिजे.”

विमलाबाईंनी वाटी पदरानं पुसली. मग म्हणाल्या, “मालक नका लिहू पण.”

“काहून?”

“उद्या काही झालं तर?”

“काय होईल उद्या?”

“मले काय माहीत? उद्या म्हणजे उद्या.” त्यांनी वाटी जागेवर ठेवली. “पोरगी आहे आपली. एकच घर आहे. मी वाईट नाही हं, विचारून राहिली फक्त.”

नीलकंठरावांनी कधी म्हटलं नव्हतं की त्या वाईट आहेत. आपण काय आहोत हे मात्र त्यांना दोन दिवसांपासून नीट सांगता येत नव्हतं, आणि शब्द न सुचणं हा अनुभव त्यांना नवीन होता.

मागच्या गल्लीत यशवंतराव राहत. ते कराच्या खटल्यांचे वकील होते, आता फार काम घेत नसत. नीलकंठराव सगळे कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. यशवंतरावांनी पहिलं पान वाचलं आणि बाकीची चाळली.

“आश्रित लिहा नि पाठवून द्या,” ते म्हणाले.

“बहीण सही करत नाही.”

“मग भाडेकरू म्हणून सोडून द्या. जितकी सूट मिळेल त्याच्यापेक्षा जास्त तुमचा जाण्यायेण्यात खर्च होईल. अपिलाचं कार्यालय आता नव्या रायपुरात गेलं.”

“पण बाकीचं अपील कसं वाटलं?”

“चांगलं आहे. पण इतकं वाचतं कोण हो? ते रकाने पाहतात फक्त.”

नीलकंठराव नमस्कार करून उठले. रस्त्यात त्यांना एका ओळखीच्या माणसानं हाक मारली. त्यांना ती ऐकू आली नाही. छत्तीस पानांचे अहवाल त्यांनी लिहिले होते. कोणीतरी ते वाचतं असं धरूनच लिहिले होते.

मुदत संपायला दोनच दिवस राहिले असताना इंदूताई दुपारी स्वतःच खाली आल्या. विमलाबाई ओट्याशी होत्या. इंदूताई जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, “आण तो कागद.”

नीलकंठरावांनी फॉर्मची कोरी प्रत आणली. अशा वेळेसाठी त्यांनी चार काढून ठेवल्या होत्या.

“भाडेकरू म्हणून मी काही मरणार नाही,” इंदूताई म्हणाल्या. “आश्रित म्हणूनही नाही. पेन दे.”

त्यांनी नाव लिहिलं. मालकाशी नातं: बहन. मग थोडा विचार करून तिसऱ्या जागी एकच शब्द लिहिला, आणि खाली सही केली. अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं होतं, पण वाचता येत होतं. हैसियत: बेटी.

नीलकंठरावांनी कागद हातात घेतला. मसुद्यात चूक शोधणं त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. मालकाशी नातं बहिणीचं, ते बरोबर. हैसियत मुलीची, आता ती कोणाची मुलगी हे रकान्यात विचारलेलंच नव्हतं. जिन्याचं कारण त्यात आलं. ओट्याचं आलं. गंगाधररावांचं नाव वरच लिहिलं होतं. त्यांनी पुन्हा वाचलं. चूक सापडली नाही.

विमलाबाई हात पुसत येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरून वाचलं.

“बरोबरच आहे की,” त्या म्हणाल्या. “मुलगीच आहेत त्या.”

“तसं असेल तर…” नीलकंठराव म्हणाले आणि थांबले.

“तसं असेल तर काय?” इंदूताईंनी विचारलं.

“काही नाही. तसंच आहे.” त्यांनी सही केली.

सुनावणीची तारीख महिनाभरानं लागली. दोघांनी यायचं असं पत्रात होतं. पत्र आलं याचा नीलकंठरावांना इतका आनंद झाला की त्यांनी ते फाइलला लावायच्या आधी दिवसभर टेबलावर ठेवलं.

नव्या रायपुरात जायला सकाळची बस होती. भाऊ-बहीण शेजारी बसले. शहर संपलं, मग शेतं लागली, मग एकदम एवढे रुंद रस्ते सुरू झाले की बस एकटीच कुठं चालली आहे असं वाटू लागलं. चौकामागून चौक येत होते. सिग्नल लागला की बस थांबायची. आडव्या रस्त्यानं कोणीच जात नसे.

“एवढा रस्ता कोणासाठी केला?” इंदूताईंनी विचारलं.

“पुढं लोक येणार आहेत.”

“बरं.”

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या शिपायाला नीलकंठरावांनी विचारलं, “मॅडम बैठी हैं?” तो “हव” म्हणाला आणि त्यानं बाक दाखवला. तासाभरानं आत बोलावलं. अपील अधिकारी पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाई होत्या. त्यांच्यासमोर फाइल उघडी होती आणि, नीलकंठरावांच्या लगेच लक्षात आलं, ‘मानणं आणि आढळणं’च्या पानावर पेन्सिलीची खूण होती.

“ये आपने लिखा है?” त्यांनी विचारलं.

“जी.”

“किसी वकील से नहीं लिखवाया?”

“जी नहीं. खुद.”

बाईंनी मान हलवली. ती कौतुकाची होती की कशाची ते कळलं नाही, पण त्या पान वाचून आल्या होत्या एवढं नक्की. नीलकंठरावांना त्या क्षणी खटला हरलो तरी चालेल असं वाटलं.

“सीढ़ी अलग क्यों है?” बाईंनी इंदूताईंना विचारलं.

“मैं नर्स थी. रात को दो-दो बजे आती थी. पिताजी ने बनवाई, ताकि किसी की नींद न टूटे.”

“और रसोई?”

“इसकी पत्नी सब्जी में शक्कर डालती है.”

बाईंनी नीलकंठरावांकडे पाहिलं.

“थोड़ी डालती है,” ते म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं. नीलकंठरावांना उलटं वाचायची नोकरीतली सवय होती; त्यांना ‘भोजन की रुचि भिन्न’ एवढे शब्द दिसले. शब्दयोजना त्यांना आवडली.

मग बाई रकान्यावर आल्या. “हैसियत में आपने बेटी लिखा है. मकान तो भाई के नाम है. पिता हैं नहीं. तो बेटी किस तरह?”

याची नीलकंठरावांनी तयारी केली नव्हती. लेखी विचारलं असतं तर त्यांनी रात्रभर बसून दोन पानं लिहिली असती. ते खुर्चीत पुढं सरकले, मागं झाले, आणि इंदूताईंकडे न पाहता म्हणाले,

“मैडम, जिस हैसियत से मैं नीचे रहता हूँ, उसी हैसियत से ये ऊपर रहती हैं.”

“आप तो स्वामी हैं.”

“कागज़ में हूँ. मैं भी उसी आदमी का बेटा हूँ, इसलिए हूँ. ये भी उसी की बेटी हैं.”

“फिर नाम सिर्फ आपका क्यों चढ़ा है?”

खोलीत पंखा होता आणि तो आवाज करत होता.

“इन्होंने अनापत्ति दी थी,” नीलकंठराव म्हणाले. “मैंने लिखी थी. वो नहीं लिखनी चाहिए थी.”

इंदूताई खिडकीबाहेर पाहत होत्या. तिकडे रिकामा रस्ता आणि नुकती लावलेली झाडं होती.

“वो इस कार्यालय का विषय नहीं है,” बाई म्हणाल्या आणि फाइल मिटली. “आदेश डाक से आएगा.”

परतीची बस चुकली. पुढची कधी येईल हे बसथांब्यावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती वेळही होऊन गेली होती. थांबा नवा, स्वच्छ होता. स्टीलच्या बाकावर दोघांशिवाय कोणी नव्हतं. इंदूताईंनी पिशवीतून डबा काढला. पराठे होते, मिरचीचा ठेचा होता. दोघांनी खाल्लं. नीलकंठरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट आहे,” ते म्हणाले.

“आहे.”

समोरून एक मोटार गेली. बऱ्याच वेळानं दुसरी गेली.

“ताई, तुझं नाव चढवून घेऊ आपण.”

“आता कायले? सत्तर वर्षांची झाली मी. वर जायची वेळ आली नि वरचा मजला नावावर करू?”

“कागद बरोबर राहते.”

“तुझ्या कागदासाठी?”

“नाही.” नीलकंठरावांनी ठेच्याचं बोट पुसायला रुमाल काढला आणि तो हातातच ठेवला. “तुले तेव्हा विचारायले पाहिजे होतं. मी विचारलं नाही, लिहूनच आणलं. वाटलं, चांगलं लिहिलं तर वाईट वाटणार नाही तुले.”

इंदूताईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, त्यांनी काढून पुन्हा लावलं.

“वाईट वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “अकोल्याहून आली तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घर आपलं आहे असं वाटत होतं. पण तू इतका आनंदानं वाचून दाखवत होता ना, की मी काही बोलली नाही.”

नीलकंठरावांनी खिशातलं पेन चाचपलं. लिहायला तिथं कागद नव्हता.

“लिही अर्ज,” इंदूताई म्हणाल्या. “पण आधी मले दाखव. फार चांगला नको लिहू.”

बस आली तेव्हा ऊन उतरलं होतं.

आदेश पंधरवड्यानं टपालानं आला. अपील मान्य. वरचा मजला भाड्यानं दिलेला नाही हे मान्य; सूट पूर्ववत. नीलकंठरावांनी तो उभ्यानंच वाचला आणि मग खाली बसले. शेवटच्या परिच्छेदात म्हटलं होतं की प्रथम तल पर अपीलार्थी श्री नीलकंठ वडनेरकर की पुत्री सुश्री इंदू निवासरत पाई गईं.

म्हणजे सरकारदरबारी इंदूताई त्यांची मुलगी झाल्या होत्या.

विमलाबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांनी जिन्याखाली जाऊन हाक मारली, “ताई, खाली या! तुमचे बाबा बोलावून राहिले!”

इंदूताई आल्या, त्यांनी वाचलं. “सूट मिळाली ना? मग राहू दे.”

“राहू कसं देऊ?” नीलकंठराव म्हणाले. “तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहेस. नाव चढवायला गेलो की हाच आदेश समोर येईल. बाबांची मुलगी म्हणून तुझा हक्क आहे. माझी मुलगी म्हणून तू रांगेत मागं लागशील.”

“मग लिही दुरुस्तीचा अर्ज.”

ते लगेच लिहायला बसले. इंदूताई शेजारी बसून प्रत्येक वाक्यावर “हे कायले?” असं विचारत होत्या, आणि दर वेळी ते वाक्य खोडावं लागत होतं. अर्ज शेवटी पाच ओळींचा झाला. नीलकंठरावांना तो उघडाबोडका वाटत होता. मग त्यांनी दुसरा कागद घेतला, नाव चढवण्याच्या अर्जाचा. ‘उपरोक्त विषयांतर्गत लेख है कि’ एवढं लिहून झालं होतं, तेव्हा विमलाबाई चहाचे कप घेऊन आल्या आणि कप खाली न ठेवता उभ्या राहिल्या.

“मी एक विचारू?”

“विचार ना.”

“ताई मुलगी म्हणून राहतात. तुम्ही मुलगा म्हणून राहता. मी कोणत्या हैसियतीनं राहते?”

“तू पत्नी आहेस,” नीलकंठराव म्हणाले.

“ते नातं झालं. दुसऱ्या रकान्यातलं. मी तिसऱ्यातलं विचारून राहिली.”

नीलकंठरावांनी पेनचं टोपण लावलं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. इंदूताईंनी विमलाबाईंच्या हातातून कप घेतले, टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून दिली.

“बस, विमल,” त्या म्हणाल्या. “याले सुचायला वेळ लागते.”

दुरुस्ती दोन महिन्यांत झाली. नाव चढायला पुढचा उन्हाळा लागला, कारण मध्ये निवडणूक आली आणि संबंधित बाबू तिकडे गेले. त्या अर्जाला मुलीनं बंगळुरूहून संमतीपत्र पाठवलं. विमलाबाईंनीच तिला फोन करून सांगितलं होतं, आणि काय लिहायचं तेही सांगितलं होतं, नीलकंठरावांना न विचारता. त्यात दोन वाक्यं होती. बाबूंनी ते वाचून “स्पष्ट है” असा शेरा मारला, जो नीलकंठरावांच्या कुठल्याही पत्रावर कधी कोणी मारला नव्हता.

विमलाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून द्यायचं आहे. नीलकंठरावांनी त्यासाठी मृत्युपत्र करायचं ठरवलं आहे. यशवंतराव म्हणाले, छापील नमुना मिळतो, त्यात नावं भरा. नीलकंठरावांनी तो आणला नाही. रोज दुपारी जेवण झालं की तिघं टेबलाशी बसतात, ते एक वाक्य लिहितात, दोघी ते ऐकतात, आणि बहुधा खोडायला लावतात.